त्सो मोरिरीचे तळे आणि कोरझोकचे गवत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडच्या बहुतेक वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत लडाख हमखास येते, आणि गेल्या काही वर्षांत पँगाँगच्या पाठोपाठ त्सो मोरिरी हे तळेही त्यात दिसू लागले आहे. या लेखांत तळ्याच्या निळाईवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. काठावरच्या कोरझोक या गावाच्या वाट्याला मात्र ‘जगापासून तुटलेली चिमुकली वस्ती’ असे एखादे वाक्य येते, आणि तंबूचे भाडे, प्राणवायूची बाटली व मोबाइलची रेंज यांची माहिती देऊन लेख संपतो. हे लेख वाचून तिकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या लहान नाही. त्यांना आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या सहल कंपन्यांना त्या गावाचे पोट नेमके कशावर चालते हे ठाऊक असावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, शेळ्यामेंढ्यांच्या कळपांत गेली, त्यामुळे माझे लक्ष तळ्यापेक्षा कळपांकडे अधिक जाते, हे आधीच सांगून टाकतो.

लेहहून सिंधूच्या काठाने चुमाथांगच्या गरम झऱ्यांवरून माहे पुलापर्यंत जायचे, तिथे नदी ओलांडून सुमदोमार्गे नामशांग ला खिंड चढायची आणि कियागर त्सो या लहान तळ्याजवळून पुढे उतरायचे, असा हा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्सो मोरिरी समुद्रसपाटीपासून साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर. त्याची लांबी पंचवीस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यातून बाहेर पडणारा एकही प्रवाह आज नाही. पाणी आत येते ते केवळ बाष्पीभवनानेच बाहेर जाते, त्यामुळे क्षार मागे राहून पाणी मचूळ झाले आहे. २००२ मध्ये या तळ्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला.

आता मुद्द्याकडे येतो. तळ्याकाठच्या गावाला तळे पोसते अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि काश्मीर खोऱ्यातल्या वुलर तळ्याच्या काठी ती खरीही आहे, कारण तिथली कुटुंबे मासे, शिंगाडे आणि पाणवनस्पतींवर जगतात. कोरझोकचे तसे नाही. तळ्याचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही आणि शेताला देण्याच्याही नाही. मासेमारीचा धंदा तिथे नाही. आणि हिवाळ्यात तळे महिनोन्‌महिने गोठलेले असते. प्यायला आणि जवाच्या शेतांना पाणी मिळते ते डोंगरातून गावात उतरणाऱ्या ओढ्याचे. ही जवाची शेते जगातल्या सर्वांत उंचावरच्या शेतांमध्ये मोजली जातात. पण ज्या वर्षी थंडी लवकर उतरते त्या वर्षी दाणा नीट भरत नाही आणि उभे पीक चारा म्हणूनच कापावे लागते, आणि तो चाराही हिवाळ्याच्या दृष्टीने मौल्यवानच असतो. थोडक्यात, नकाशावर ज्या तळ्यामुळे हे गाव ओळखले जाते त्या तळ्यातून गावाला शतकानुशतके जवळजवळ काहीच उत्पन्न नव्हते. उत्पन्न होते आणि आहे ते तळ्याभोवतीच्या दऱ्यांतल्या आणि पठारांवरच्या गवताचे.

हे गवत खाणारी जनावरे म्हणजे चांगथांगी (चांगथांग या पूर्व लडाखच्या उंच पठारी प्रदेशातल्या) शेळ्या, मेंढ्या, याक आणि थोडे घोडे; आणि त्यांच्यामागे फिरणारे लोक म्हणजे चांगपा. कोरझोक हे रुपशू या भागातल्या चांगपांचे मुख्य ठिकाण आहे. गावात द्रुक्पा या बौद्ध पंथाचा गोंपा, म्हणजे मठ, आहे, दगडामातीची घरे आहेत. परंतु पुष्कळ कुटुंबांच्या दृष्टीने ते घर म्हणजे कोठार आहे. धान्य, लोकर आणि जादा सामान तिथे ठेवायचे, म्हाताऱ्यांनी तिथे राहायचे आणि बाकीच्यांनी वर्षातून अनेकदा मुक्काम हलवत कळपाबरोबर फिरायचे. मुक्कामाचा तंबू ‘रेबो’ याकच्या केसांच्या पट्ट्या विणून केलेला असतो. त्यात दरवर्षी काही जुन्या पट्ट्या काढून नव्या जोडतात, त्यामुळे एकच रेबो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. विणकामाचीही वाटणी आहे: बायका कमरेला बांधायच्या मागावर लोकरीचे कापड विणतात, आणि तंबूच्या पट्ट्या व जाड घोंगड्या पुरुष विणतात. हल्ली कापडी तंबू आले आहेत. ते हलके असतात आणि गाडीत टाकून नेता येतात, तेव्हा ते वापरणाऱ्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

कोणत्या कुटुंबाने कोणत्या महिन्यात कोणत्या कुरणावर जायचे हे मनाला येईल तसे ठरत नाही. गावाचा ‘गोबा’, म्हणजे मुखिया, आणि जाणती मंडळी ते ठरवतात, कळपांच्या आकाराप्रमाणे वाटणी करतात, आणि हिवाळ्यासाठी राखलेल्या कुरणावर उन्हाळ्यात कोणी जनावरे घातली तर त्याला दंड होतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या जशा गावकी ठरवत आली, तशीच ही गवताची पाळी आहे. ती कागदावर फारशी कुठे लिहिलेली नाही, आणि पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ तिथे आहे.

या कळपातून हाती काय येते ते आपल्या वाचकांना आकड्यांत सांगणे बरे. चांगथांगी शेळीच्या राठ केसांखाली थंडीत एक मऊ लव वाढते, तिला स्थानिक लोक ‘लेना’ म्हणतात आणि जग पश्मिना म्हणते. तिचा धागा बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या चार-पाच पट जाड असतो. उन्हाळा लागता लागता ही लव आपोआप सुटू लागते, आणि जून-जुलैच्या सुमारास शेळीला आडवी पाडून, पाय बांधून, लोखंडी फणीने ती विंचरून काढतात. एका शेळीपासून साधारण पाव किलो कच्चा माल निघतो, आणि त्यातले राठ केस व कचरा काढला की त्याच्या निम्म्याहूनही कमी शुद्ध पश्मिना उरतो. म्हणजे शंभर शेळ्या असलेल्या कुटुंबाला वर्षाकाठी पंचवीस किलोच्या आसपास कच्चा पश्मिना मिळतो, आणि अलीकडच्या वर्षांत ऐकू येणारा किलोला तीन-चार हजारांचा भाव धरला तर पाऊण ते एक लाख रुपये हाती येतात. शरद ऋतूत विकलेली जनावरे, मेंढीची लोकर, याकची मऊ लोकर ‘खुलू’, लोणी आणि ‘छुर्पे’ हे वाळवलेले चीज यांची त्यात भर पडते. उणे तीस अंशांच्या थंडीत सबंध कुटुंबाने वर्षभर केलेल्या कामाचा हा मोबदला आहे. त्याच मालाची श्रीनगरला कातून-विणून झालेली शाल मुंबईच्या दुकानात कोणत्या किमतीला टांगलेली असते हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

संपूर्ण लडाखचे कच्च्या पश्मिन्याचे वार्षिक उत्पादन पन्नास टनांच्या आसपास आहे. चीन आणि मंगोलियाच्या पुढे ते नगण्य असले तरी बारकाईत या धाग्याची बरोबरी फार थोड्या मालाशी होते. याच धाग्यासाठी इतिहासात लढाया झाल्या आहेत. लडाख आणि तिबेट यांच्यातल्या १६८४ च्या तिंगमोसगांग तहाने पश्चिम तिबेटमधला पश्मिना लडाखमार्गेच काश्मीरला जाईल असे ठरले, आणि १८४१ मध्ये जम्मूच्या डोगरा राज्याचा सेनापती जोरावरसिंह याने तिबेटवर जी स्वारी केली तिच्यामागेही या व्यापारावर ताबा मिळवण्याचा हेतू होता. पश्मिन्याच्या जोडीला मीठ होते. त्सो कर या शेजारच्या खाऱ्या तळ्याकाठचे मीठ खरवडून, मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्यांत लादून चांगपा ते झंस्कारकडे आणि लेहकडे नेत आणि बदल्यात जव आणत. रस्ते आले, शिधावाटप दुकानात आयोडीनयुक्त मीठ आणि स्वस्त तांदूळ-पीठ मिळू लागले, आणि ती देवघेव संपली. त्याबद्दल हळहळण्यासारखे मला काही दिसत नाही. भरल्या पोटी हिवाळा काढता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यामुळे या लोकांच्या हाती एकच विकाऊ माल उरला, आणि तो माल पूर्णपणे कुरणावर अवलंबून आहे.

कुरणांचे काय झाले ते आता पाहू. तिबेटमध्ये १९५९ साली उठाव झाला आणि तिथले पशुपालक आपापले कळप घेऊन या बाजूला आले. त्यांना आसरा मिळाला हे योग्यच झाले, पण गवत होते तेवढेच राहिले. १९६२ च्या युद्धानंतर पूर्वेकडची हिवाळी कुरणे, विशेषतः सिंधूकाठची, एकेक करून हातची गेली. गवत जिथे वाऱ्याने उघडे पडते आणि बर्फ फार साचत नाही अशाच जागा हिवाळी चराईच्या असतात, आणि नेमक्या त्याच जागा सीमेलगत आहेत. २०२० च्या आरंभी कोरझोक-चुमार पट्ट्यात नवजात करडे फार मोठ्या संख्येने दगावली तेव्हा आपल्याकडे गलवानची चर्चा सुरू व्हायची होती. त्या मृत्यूंचा आणि सीमेवर पुढे जे घडले त्याचा संबंध आपल्या फार थोड्या वृत्तपत्रांनी जोडला. ज्या पशुवैद्यकाने करडांच्या हंगामात कळपात दिवस काढले आहेत त्याला तो लगेच कळतो. शेळ्या विण्याचा काळ फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा. गाभण शेळीला त्या आधीचे दोन महिने पुरेसे गवत मिळाले नाही तर करडू अशक्त जन्मते, आईला दूध उतरत नाही, आणि उघड्यावरची एक रात्र त्याला पुरते. सैन्याच्या खबरदारीमुळे किंवा समोरच्या सैन्याच्या दांडगाईमुळे कळप नेहमीच्या कुरणाऐवजी दुसरीकडे ठेवावे लागले, तर त्याचा परिणाम असा करडांत मोजला जातो. २०१३ च्या हिवाळ्यात बर्फ अतोनात पडले तेव्हाही हेच झाले होते. फरक इतकाच की तेव्हा गवत बर्फाखाली होते.

या पार्श्वभूमीवर पर्यटनाकडे पाहावे लागते. २००९ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगाने पँगाँगला जी गर्दी मिळवून दिली, तिच्यातला एक प्रवाह ‘अजून न बिघडलेले’ तळे शोधत त्सो मोरिरीकडे वळला. कोरझोकच्या लोकांनी त्या आधीच, २००० साली, डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेच्या काठमांडूतल्या कार्यक्रमात त्सो मोरिरी हे ‘पृथ्वीला दिलेले पवित्र दान’ म्हणून जाहीर केले होते, आणि त्यानंतर या संस्थेच्या मदतीने काठावर गाड्या नेण्यास अटकाव करणे, घरगुती निवास सुरू करणे, कचरा गोळा करणे अशी कामेही झाली. म्हणजे हे गाव पर्यटनाला विन्मुख नाही. घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवणाऱ्या कुटुंबाला जून ते सप्टेंबर या काळात रोख पैसा मिळतो, आणि पश्मिन्याच्या पैशाप्रमाणे तो व्यापाऱ्याच्या सवडीने मिळत नाही. माझा आक्षेप तंबूंच्या छावण्यांना आहे. तंबू ठोकायला सपाट, ओलसर, हिरवी जागा लागते, आणि या वाळवंटात अशी जागा म्हणजे ओढ्याच्या मुखाजवळचे गवताचे कुरणच. त्या गवताचा उपयोग गावाला जनावरांसाठी आहे, आणि पक्ष्यांना घरट्यांसाठी. काळ्या मानेचा क्रौंच, जो लडाखचा राज्यपक्षी आहे, आणि पट्टकादंब हे दोन्ही या दलदलीत वीण घालतात. हिवाळ्यात उजनी आणि नांदूर मध्यमेश्वरला जे पट्टकादंब पाहायला आपले पक्षिमित्र पहाटे दुर्बिणी घेऊन जातात, त्याच जातीचे हे पक्षी आहेत. छावण्यांच्या आणि लष्करी तळांच्या उरल्यासुरल्या अन्नावर मोकाट कुत्री पोसली जातात. हिवाळ्यात पर्यटक गेले की ती करडांवर आणि उन्हाळ्यात पक्ष्यांच्या अंड्यांवर येतात. लांडग्याचा उपद्रव चांगपांना नवा नाही. कुत्र्यांचा हा त्रास मात्र आपण तिथे नेऊन सोडलेला आहे.

पर्यटनाचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण तो अधिक खोलवर जातो. पर्यटनाचा हंगाम आणि पश्मिना विंचरण्याचा हंगाम एकच आहे. ज्या तरुणाने जुलैमध्ये शेळ्या विंचरायच्या तोच तरुण लेहहून गाडी चालवत पर्यटकांना घेऊन येतो, आणि महिन्याचा हिशेब केला तर त्याचे चुकत नाही. मुले लेहच्या किंवा चोगलमसरच्या वसतिगृहांत शिकतात, पुग्याला भटक्या मुलांसाठी निवासी शाळा आहे, तिथेही काही शिकतात. मुलांनी शिकावे असे आईबापांना मनापासून वाटते, पण शिकलेले मूल कळपाकडे परत येत नाही. कळप राखणे हे एका माणसाचे काम नाही. शेळ्यांच्या माना एका दोराने समोरासमोरच्या दोन रांगांत बांधून सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात, करडे वेगळी ठेवायची असतात, एकाने वर डोंगरात जायचे असते आणि एकाने रात्री जागायचे असते. घरातली दोन माणसे कमी झाली की शंभराचा कळप पन्नासावर आणावा लागतो, आणि पन्नास शेळ्यांत घर चालत नाही, म्हणून मग कळपच विकून लेहच्या कडेला जागा घ्यावी लागते. रुपशूच्या शेजारच्या खारनाकमध्ये हे घडून गेले आहे. तिथली बहुतेक कुटुंबे लेहजवळच्या खारनाकलिंग या वस्तीत येऊन राहिली आहेत, आणि ज्यांच्या आजोबांनी पाचशे जनावरे सांभाळली ते आज तिथे टॅक्सी, मजुरी आणि मिळालीच तर सरकारी नोकरी यांवर जगतात. कोरझोक त्या वाटेवर आहे, मात्र अजून पोहोचलेले नाही.

अशा वेळी या प्रदेशावर मोठे प्रकल्प येत आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लडाखमधल्या १३ गिगावॉट क्षमतेच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिनीच्या योजनेला मंजुरी दिली; तिचा खर्च २०,७७३ कोटी रुपयांहून अधिक आहे, आणि वाहिनी लडाखमधल्या पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत जाणार आहे. पांगच्या परिसरातले पठार हे खारनाक आणि समद या चांगपा गटांच्या चराईच्या हद्दीत येते. पुग्याच्या खोऱ्यात जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करण्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, आणि पुगा हे तर कोरझोकच्या कळपांचे मुक्कामाचे ठिकाण आहे. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. कोळशाची वीज वापरणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाला तो शोभणारही नाही. प्रश्न जागा निवडण्याच्या पद्धतीचा आहे. सरकारी दप्तरात ही जमीन पडीक दिसते, कारण तिच्यावर पीक नाही, कुंपण नाही आणि कोणाच्या नावाचा उतारा नाही. वर्षातले सहा आठवडे तिच्यावर हजारो जनावरे असतात आणि उरलेले महिने तिला मुद्दाम विश्रांती दिलेली असते, हे त्या दप्तरात कोठेही नाही. आपल्या गायरानांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

वन्यजीव खात्याचीही नजर साधारण तशीच आहे, फक्त उलट बाजूने. १९८७ मध्ये चांगथांग अभयारण्य घोषित झाले तेव्हा कोरझोकसकट गावे त्याच्या आत आली. त्यामुळे शाळेची खोली बांधायची किंवा रस्त्याचा तुकडा दुरुस्त करायचा तरी परवानगीचा फेरा सुरू होतो, तर अभयारण्यातून रस्ते आणि लष्करी बांधकामे राष्ट्रीय सुरक्षेच्या सदराखाली होत राहतात. त्यातच कियांग या रानगाढवांची संख्या वाढली असून ती आमचेच गवत खातात, असे चांगपा सांगतात. प्राणितज्ज्ञ त्यावर दुसरे आकडे मांडतात. या वादात मी पडत नाही, कारण दोघेही त्यांच्या त्यांच्या कुरणातून बोलत आहेत. मात्र गवत किती आहे, किती जनावरांना पुरते आणि कोणत्या महिन्यात कोठे संपते याची पाहणी गोबाला आणि म्हाताऱ्या पशुपालकांना बरोबर घेऊन व्हावी, एवढे मी नक्की म्हणेन.

लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला. तेव्हापासून तिथे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीची, म्हणजे आदिवासी भागांना स्वायत्त परिषदा देणाऱ्या तरतुदीची, मागणी होते आहे, तिच्यासाठी उपोषणे झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लेहमध्ये गोळीबारात माणसे मेली. आपल्याकडच्या चर्चेत हा विषय केवळ राजकीय ओढाताण म्हणून येतो. कोरझोकच्या बाजूने पाहिले तर त्यातला मोठा भाग जमिनीवर कोणाचा शब्द चालेल या प्रश्नाचा आहे. चांगपा १९८९ पासून अनुसूचित जमाती आहेत, आणि वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. जम्मू-काश्मीर पुनर्रचनेनंतर हा कायदा लडाखलाही लागू झाला आहे. तेव्हा गोबाच्या डोक्यात असलेली कुरणांची वाटणी हक्कनोंद म्हणून कागदावर आणण्याला कायद्याची आडकाठी नाही. चांगथांग हा स्वतंत्र जिल्हा करण्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. त्या जिल्ह्याच्या पहिल्या कामांत हे काम असावे, आणि जमिनीचे कोणतेही नवे भाडेपट्टे त्यानंतरच व्हावेत.

त्याबरोबरीने करण्यासारखी दोन कामे माझ्या खात्यातल्या अनुभवावरून सुचवतो. पहिले काम चाऱ्याचे. वाळलेला ल्युसर्न घास आणि खुराक हिवाळ्यासाठी सरकार पुरवते, पण संकट आल्यावर, बर्फ पडून गेल्यावर गाड्या पाठवण्याचा काही उपयोग नसतो. तोवर करडे गेलेली असतात. कोरझोकच्या आणि प्रत्येक हिवाळी मुक्कामाच्या कोठारात हा साठा ऑक्टोबरअखेर असला पाहिजे, आणि त्याची किल्ली लेहच्या अधिकाऱ्याकडे न राहता गोबाकडे असली पाहिजे. दुसरे काम भावाचे. पश्मिना धुऊन राठ केस वेगळे करण्याची यंत्रे लेहमध्ये आहेत आणि पशुपालकांची सहकारी संस्थाही आहे. तरीही पैशाची नड असलेले कुटुंब आगाऊ उचल देणाऱ्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे होते. सहकाराचा पाया ज्या राज्यात दूध आणि उसावर घातला गेला तिथल्या वाचकाला याचे मर्म लगेच कळेल: संस्थेने माल उचलल्याबरोबर पहिली उचल दिली नाही तर संस्था नावापुरतीच राहते. धाग्याच्या बारकाईप्रमाणे आणि लांबीप्रमाणे वेगळा भाव मिळू लागला, तर कळप लहान ठेवूनही उत्पन्न टिकवता येईल, आणि कुरणावरचा भारही कमी होईल.

आता आपल्या पर्यटकांविषयी. त्सो मोरिरीला जाणाऱ्यांनी छावणीऐवजी गावातल्या घरात उतरावे. न्हाणीघर साधे असेल, पण पैसे गावात राहतील आणि कुरण मोकळे राहील. गाडी पाण्यापर्यंत नेण्याचा आग्रह चालकाला करू नये. पक्ष्यांच्या छायाचित्रासाठी दलदलीत उतरू नये आणि कुत्र्यांना बिस्किटे घालू नयेत, हे आपल्या दयाळू स्वभावाला कितीही जड गेले तरी. सोबतचे प्लास्टिक लेहला परत आणावे. आणि शाल घेताना, पाचशे रुपयांत मिळणारी ‘पश्मिना’ ही व्हिस्कोसची किंवा पॉलिस्टरची असते हे लक्षात ठेवून, हातकताई व हातविणीच्या खऱ्या मालावरचे भौगोलिक मानांकनाचे लेबल पाहावे. काश्मीर पश्मिन्याला ते २००८ मध्ये मिळाले आहे. परवडत नसेल तर चांगथांगच्या बायकांनी विणलेले मेंढीच्या किंवा याकच्या लोकरीचे मोजे-टोप्या घ्याव्यात. त्यांना उबेत काही कमतरता नसते. सहल कंपन्यांनी आपल्या माहितीपत्रकात एवढे चार नियम छापले तरी पुष्कळ आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीसाठी लडाखवर लेख लिहायला कोणाला पाठवणार असाल तर या वेळी जुलैऐवजी मार्चमध्ये, करडांच्या हंगामात पाठवावे. लेहला हिवाळ्यातही विमान जाते आणि सीमेमुळे माहेकडचा रस्ता बहुधा मोकळा ठेवलेला असतो. तळे त्या वेळी गोठलेले असेल आणि छायाचित्रे पांढरीफटक येतील. पण चाऱ्याची गाडी त्या वर्षी कोणत्या तारखेला पोहोचली, किती करडे जगली आणि किती कुटुंबांनी कळप विकायला काढले, हे तिथे विचारून लिहिता येईल, आणि ते छापून आले तर लेहच्या आणि दिल्लीच्या कार्यालयांत त्याचे कात्रण पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
सातारा